मीठ बदला, अभिक्रिया बदलते: इलेक्ट्रोडपाशी आयन काय करतात ते पाच पेल्यांत पाहा

दोन पेले घ्या. दोन्हींत जांभळ्या कोबीचं पाणी, दोन्हींत पेन्सिलीच्या शिशाच्या दोन-दोन कांड्या, दोन्हींना सहा व्होल्टची तीच बॅटरी. फरक एकच. पहिल्यात सोडियम सल्फेट विरघळवलंय, दुसऱ्यात सोडियम क्लोराइड, म्हणजे आपलं मीठ. बॅटरी जोडल्यावर अर्ध्या मिनिटात पहिल्या पेल्यात धनाग्राभोवतीचं (बॅटरीच्या धन टोकाला जोडलेल्या कांडीभोवतीचं) पाणी गुलाबी होतं. दुसऱ्या पेल्यात त्याच जागी रंग गुलाबी होत नाही, तो उडूनच जातो. कांडीभोवती फिकट वलय पडतं आणि नाकाला स्वच्छतागृहातल्या ब्लीचिंगचा वास येतो.

सोडियम दोन्हीकडे आहे, बॅटरी आणि कांडीही तीच. बदलला तो फक्त ऋणायन (ऋण भार असलेला कण), आणि त्याने धनाग्रावरची अख्खी अभिक्रिया बदलली.

शाळेत आपण आयनांची ओळख विजेचे हमाल म्हणून करून घेतो: शुद्ध पाण्यातून वीज जात नाही, मीठ घातलं की जाते, कारण आयन भार वाहून नेतात. हे खरं आहे, पण एवढ्यावरच धडा संपतो याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण विरघळलेले आयन पृष्ठभागाशी पोचल्यावर आणखी चार कामं करतात. काही स्वतःच अभिक्रियेत उतरतात. काही अभिक्रियेतून तयार झालेल्या पदार्थाला पकडून पृष्ठभागावर थर बसवतात. काही पृष्ठभागाला चिकटून दुसऱ्याची जागा अडवतात. आणि काही स्वतः काहीच न गमावता, नुसते जवळ उभे राहून, कोणती अभिक्रिया किती वेगाने होईल हे ठरवतात. यातली बरीच कामं टेबलावर डोळ्यांनी पाहता येतात. कशी, ते सांगतो.

सामान

१.५ व्होल्टचे चार साधे सेल आणि ते बसवायचा होल्डर. एकेक सेल वाढवता येतो म्हणून हेच बरं. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी टाळा. घरच्या प्लगमधली वीज या कामाला अजिबात वापरायची नाही. मगरीच्या जबड्यासारख्या पिना लावलेल्या वायरी, साधा मल्टिमीटर, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा, आणि १०० ते २०० मिलिलीटरचे काचेचे पेले. हे पेले पुन्हा खाण्यापिण्यासाठी वापरू नका.

इलेक्ट्रोडसाठी क्लच पेन्सिलीत घालतात ती २ मिलिमीटर जाडीची २बी शिशं घ्या. नावात शिसं असलं तरी ते ग्रॅफाइट आणि चिकणमातीचं मिश्रण असतं. लाकडी पेन्सिल दोन्हीकडून टोक काढूनही चालते, पण लाकूड द्रावण शोषून घेतं आणि पुढच्या पेल्यात सोडतं. प्रत्येक द्रावणासाठी नवी जोडी वापरा. आयोडाइडमध्ये बुडवलेली कांडी एकदा मी नीट धुऊन सल्फेटमध्ये घातली होती, तरी पाणी पिवळसर झालं आणि त्या दिवसाची सगळी निरीक्षणं बाद करावी लागली. ग्रॅफाइट सच्छिद्र असतं, ते आधीचं विसरत नाही.

स्टीलचे चमचे किंवा खिळे इलेक्ट्रोड म्हणून वापरायचा मोह टाळा. मिठाच्या पाण्यात स्टेनलेस स्टीलचं धनाग्र झिजतं, त्यातलं लोखंड, निकेल आणि क्रोमियम द्रावणात उतरतं, आणि क्रोमियमची षट्संयुजी संयुगं तयार होऊ शकतात. ती कर्करोगकारक आहेत. इंटरनेटवर स्टीलच्या प्लेटा मिठाच्या पाण्यात बुडवून हायड्रोजन काढणारे व्हिडिओ सर्रास दिसतात. मुलांना ते करू देऊ नका.

पाणी मात्र डिस्टिल्डच हवं, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड आधीच असतात, मग कोणता परिणाम कोणाचा ते कळत नाही.

द्रावणं

सगळी द्रावणं ०.१ मोलर (लिटरमागे ०.१ मोल) करू, म्हणजे तुलना बरोबरीची होईल. २०० मिलिलीटरसाठी निर्जल सोडियम सल्फेट २.८४ ग्रॅम, मीठ १.१७ ग्रॅम, एप्सम सॉल्ट म्हणजे स्फटिकी मॅग्नेशियम सल्फेट ४.९३ ग्रॅम, आणि मोरचूद म्हणजे स्फटिकी कॉपर सल्फेट ५ ग्रॅम. पोटॅशियम आयोडाइड महाग असतं, त्याचं ५० मिलिलीटरच करा, ०.८३ ग्रॅम घालून. एप्सम सॉल्ट आणि मोरचूद कृषी सेवा केंद्रात मिळतात. द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रणासाठी जे मोरचूद नेतात तेच. मीठ शक्यतो प्रयोगशाळेतलं घ्या. बाजारातल्या मोकळ्या वाहणाऱ्या मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेले पदार्थ असतात, त्यांनी पाणी गढूळ होतं.

दर्शकासाठी जांभळ्या कोबीची चार पानं चिरून डिस्टिल्ड वॉटरमध्ये दहा मिनिटं उकळा आणि गाळून घ्या. उदासीन द्रावणात हा रंग जांभळा, आम्लात गुलाबी, आम्लारीत हिरवा आणि फार तीव्र आम्लारीत पिवळा.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी नुसतं पाणी, मग सल्फेट, मग एप्सम, मग मीठ, मग आयोडाइड, शेवटी मोरचूद. निरुपद्रवीपासून चिवटाकडे जायचं.

नुसतं पाणी आणि सोडियम सल्फेट

डिस्टिल्ड वॉटरमध्ये कांड्या दोन सेंटिमीटर अंतरावर, दीड सेंटिमीटर बुडतील अशा धरा. पुठ्ठ्याच्या तुकड्याला दोन भोकं पाडून त्यात खोचल्या की अंतर हलत नाही. मल्टिमीटर एकसर जोडणीत लावून चार सेलवर विद्युतधारा पाहा. ती जेमतेम असेल. आता त्याच मांडणीत सोडियम सल्फेटचं द्रावण घ्या. धारा एकदम मिलिअँपिअरमध्ये जाते आणि दोन्ही कांड्यांवर बुडबुडे धरतात.

कोबीचं पाणी दहा मिलिलीटर घाला. ऋणाग्राजवळ हिरवा पडदा उतरतो, धनाग्राजवळ गुलाबी. ऋणाग्रावर पाण्याचं क्षपण होऊन (त्याला इलेक्ट्रॉन मिळून) हायड्रोजन सुटतो आणि हायड्रॉक्साइड मागे राहतो. धनाग्रावर पाण्याचं ऑक्सिडीकरण होऊन (त्याचे इलेक्ट्रॉन जाऊन) ऑक्सिजन सुटतो आणि हायड्रोजन आयन मागे राहतो. (ग्रॅफाइटवर थोडा कार्बन डायऑक्साइडही होतो, म्हणून कांडी झिजून पाण्यात काळी कणी दिसते.) बॅटरी काढून ढवळलं की हिरवा आणि गुलाबी मिसळून पुन्हा जांभळा रंग येतो. म्हणजे हिशेब बरोबर जुळला, सोडियम आणि सल्फेट होते तेवढेच राहिले.

इथे थांबून एक प्रश्न विचारायला हवा. ऋणाग्राकडे सोडियम आयन धाव घेतात, मग सोडियम धातू का सुटत नाही? इलेक्ट्रॉन घेण्याची ओढ व्होल्टमध्ये सांगणाऱ्या आकड्याला प्रमाण विभव म्हणतात, तो जितका उणे तितकी ओढ कमी. सोडियमचं प्रमाण विभव उणे २.७१ व्होल्ट आहे. उदासीन पाण्यातून हायड्रोजन सुटायला उणे ०.४१ पुरतात. पाणी खूप आधी शरण जातं. पण हा निकाल पृष्ठभाग बदलला की फिरू शकतो. पाऱ्यावर हायड्रोजन सुटणं इतकं अवघड असतं की तिथे मिठाच्या द्रावणातला सोडियम पाऱ्यात विरघळत जातो. कॉस्टिक सोड्याचे जुने कारखाने कितीतरी दशकं याच युक्तीवर चालले. आयन एकटा काही ठरवत नाही, आयन आणि पृष्ठभाग मिळून ठरवतात.

सुरुवातीची उडी

याच पेल्यात आता चारऐवजी एकच सेल लावा आणि मल्टिमीटर मायक्रोअँपिअरवर ठेवा. आकडा आधी वर उडेल आणि काही सेकंदांत घसरत जाईल. बुडबुडा एकही नाही. पाण्याचं अपघटन व्हायला किमान १.२३ व्होल्ट लागतात आणि ग्रॅफाइटवर त्याहून बरेच जास्त, त्यामुळे दीड व्होल्टवर अभिक्रिया जवळपास होतच नाही. मग ती सुरुवातीची धारा कशाची?

सेल जोडताच एका कांडीवर धन भार जमतो, दुसरीवर ऋण. धन कांडीसमोर सल्फेट गोळा होतात, ऋण कांडीसमोर सोडियम. कांडीतला भार आणि त्याच्यासमोर उभी राहिलेली आयनांची रांग यांचं मिळून एक विलक्षण पातळ धारित्र (कपॅसिटर) तयार होतं. त्याला विद्युत द्विस्तर म्हणतात. तो भरला जाईपर्यंत धारा वाहते, भरला की थांबते. तुमच्या मीटरवर घसरणारा आकडा बऱ्याच अंशी हा द्विस्तर भरला जाण्याचा आहे. कंपन्या विकतात ते सुपरकपॅसिटर याच तत्त्वावर ऊर्जा साठवतात.

याची जाडी किती? एकसंयुजी आयनांच्या ०.१ मोलर द्रावणात सुमारे १ नॅनोमीटर. शंभरपट पातळ केलं, ०.००१ मोलर, तर सुमारे १० नॅनोमीटर. संहतीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात ती बदलते. एका नॅनोमीटरमध्ये एक व्होल्टचा उतार म्हणजे मीटरला १०० कोटी व्होल्ट! अभिक्रिया घडते ती या उतारावर. पाण्याच्या, ऑक्सिजनच्या किंवा कार्बन डायऑक्साइडच्या रेणूला याच पट्ट्यातून जावं लागतं, आणि हा पट्टा कोणत्या आयनांनी भरलाय त्यावर त्याचं पुढचं नशीब ठरतं. हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात या थराची साधी कल्पना मांडली. गुई यांनी १९१० मध्ये आणि चॅपमन यांनी १९१३ मध्ये आयन रांगेत न राहता ढगासारखे पसरतात हे गणिताने दाखवलं. स्टर्न यांनी १९२४ मध्ये दोन्ही चित्रं जोडली. पुढे १९३३ मध्ये फ्रुमकिन यांनी दाखवलं की या थरातलं विभव हायड्रोजन सुटण्याचा वेगही बदलतं. स्वतः अभिक्रियेत न उतरणाऱ्या, नुसत्या प्रेक्षक आयनांना अभिक्रियेच्या समीकरणात तिथून पुढे जागा मिळाली.

एप्सम सॉल्ट: पांढरा पडदा

सल्फेट तेच, सोडियमच्या जागी मॅग्नेशियम. चार सेल लावा आणि मागे काळा कागद धरून ऋणाग्राकडे बघा. दोन-तीन मिनिटांत कांडीवरून दुधासारखी धूसर रेघ खाली उतरू लागते, मग कांडीवरच पांढरा चिकट लेप बसतो. भिंगातून पाहिलं तर बुडबुडे या लेपात अडकून सुटायला धडपडताना दिसतात. मीटरवर धारा हळूहळू कमी होत जाते.

मॅग्नेशियमचं क्षपण झालेलं नाही. त्याचं प्रमाण विभव उणे २.३७ आहे, तेही पाण्यापुढे मागेच. झालं एवढंच, की ऋणाग्रावर पाण्यापासून तयार झालेला हायड्रॉक्साइड शेजारी उभ्या मॅग्नेशियमने पकडला आणि अविद्राव्य मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा अवक्षेप नेमका पृष्ठभागावर बसला. पेल्याच्या मध्यभागी द्रावण जवळजवळ उदासीनच आहे. कांडीपासून मिलिमीटरच्या अंशात मात्र सामू (pH) इतका चढलाय की तिथे अवक्षेप पडतो. माझ्या मते हा पाचही पेल्यांतला सगळ्यात शिकवणारा पेला आहे. द्रावणाची बाटली एक सांगते आणि पृष्ठभाग दुसरंच जगत असतो, हे इथे उघड दिसतं.

मिठाच्या द्रावणापासून क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा बनवणाऱ्या कारखान्यांना याच पांढऱ्या लेपाची धास्ती असते. तिथल्या आयनविनिमय पडद्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड बसला की लाखमोलाचा पडदा निकामी होतो. म्हणून तिथे मिठाचं पाणी इतकं शुद्ध करतात की दोन्ही आयन मिळून १०० कोटी भागांत २० भागांच्या आत राहतात. समुद्राच्या पाण्यापासून थेट हायड्रोजन काढणं अवघड का, याचंही अर्धं उत्तर या पेल्यात आहे. उरलेलं अर्धं पुढच्या पेल्यात.

मीठ

खिडकी उघडा. हा प्रयोग एका मिनिटापेक्षा जास्त चालवायचा नाही, पेल्यावर वाकून वास घ्यायचा नाही, आणि त्यात लिंबू, व्हिनेगर किंवा कोणतंही आम्ल कधीही घालायचं नाही. क्लोरीन विषारी वायू आहे. दम्याचा त्रास असलेल्यांनी या पेल्यापासून लांबच राहावं.

कोबीच्या पाण्यासह चार सेल लावा. ऋणाग्राकडे पूर्वीसारखाच हिरवा रंग. धनाग्राकडे रंग उडतो, कारण तिथे सुटलेला क्लोरीन पाण्यात मिसळून कोबीचं रंगद्रव्यच नष्ट करतो.

आकडे बघितले तर हे विचित्र वाटतं. ऑक्सिजन सुटायला प्रमाण विभव १.२३ व्होल्ट, क्लोरीनला १.३६. सोपं आधी व्हायला हवं, मग ऑक्सिजन का हरतो? कारण विभव फक्त दिशा सांगतं, वेग सांगत नाही. ऑक्सिजनचा एक रेणू बनायला दोन पाण्याचे रेणू तुटावे लागतात, चार इलेक्ट्रॉन द्यावे लागतात आणि मध्ये पृष्ठभागावर तीन-चार अवघड टप्पे येतात. क्लोरीनला दोन क्लोराइड आणि दोन इलेक्ट्रॉन पुरतात. ऑक्सिजनला लागणाऱ्या या जादा व्होल्टेजला अतिविभव म्हणतात, आणि ते द्यायची वेळ येईपर्यंत क्लोराइड काम उरकून मोकळा झालेला असतो.

आता यातच एक महत्त्वाची कृती. हेच द्रावण शंभरपट पातळ करा (एक मिलिलीटर मिठाचं द्रावण आणि ९९ मिलिलीटर सोडियम सल्फेटचं), पुन्हा कोबीचं पाणी घाला आणि पाहा. धनाग्राभोवती आता गुलाबी छटा परत येऊ लागते. तोच आयन आहे, पण संख्या घटल्यावर पृष्ठभागाशी वेळेवर पोचू शकत नाही आणि पाण्याला संधी मिळते. पातळ करायला नुसतं पाणी न घेता सल्फेट घेतलं ते मुद्दाम. पाणी घातलं असतं तर क्लोराइडबरोबर द्रावणाची वाहकताही पडली असती आणि कारण कोणतं ते कळलं नसतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, या नियमाला इथे तडजोड नको.

क्लोराइडचं आणखी एक रूप या पेल्यात दिसत नाही, कारण ग्रॅफाइटवर संरक्षक ऑक्साइडचा थर नसतो. स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियम अशा थरामुळेच टिकतात. क्लोराइड तो थर ठिकठिकाणी भेदतो आणि सुईने टोचल्यासारखे खड्डे पडतात. कोकणकिनाऱ्यावर स्टीलच्या जाळ्या, कठडे पाहिलेत तर तांबूस ठिपके दिसतील. सल्फेट असं वागत नाही.

आयोडाइड आणि एकच सेल

आता पुन्हा एका सेलवर या. दीड व्होल्ट, सल्फेटच्या पेल्यात जिथे काहीच घडलं नव्हतं. पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात भाताची निवळ पेज चमचाभर घाला, कांड्या बुडवा, सेल जोडा आणि हात न लावता थांबा. मिनिटभरात धनाग्राभोवती निळ्या धुरासारखी वेटोळी दिसू लागतात: तयार झालेलं आयोडीन पेजेतल्या स्टार्चला निळं करतं. घाई असेल तर दोन सेल लावा, मग तपकिरी आयोडीनही स्पष्ट दिसेल.

आयोडाइडचं आयोडीन व्हायला ०.५४ व्होल्ट पुरतात. ऋणाग्रावरच्या ०.४१ ची भर घातली तरी बेरीज ०.९५ होते, दीडच्या आत. मिठाच्या पेल्यात हीच बेरीज १.७७ होते, म्हणून तिथे एक सेल अपुरा. सल्फेट, मीठ आणि आयोडाइड हे तीनही पेले शेजारी ठेवून एकच सेल फिरवा. वर्गात मी हे दाखवतो तेव्हा विभवांचं कोष्टक आधी फळ्यावर लिहीत नाही. आधी मुलांना निळा धूर दिसू द्यायचा, कोष्टक मग त्यांनाच हवंसं वाटतं.

मोरचूद: गुलाबी लेप काळा का पडतो

ग्रॅफाइटचं ऋणाग्र आणि तांब्याच्या तारेचं धनाग्र घ्या, एकच सेल लावा. ऋणाग्रावर बुडबुडे येत नाहीत, तांब्याचा सुरेख गुलाबी लेप चढतो. तांब्याचं विभव अधिक ०.३४, पाण्याच्या पुष्कळ आधी. इथे आयन स्वतःच पृष्ठभाग बनतोय. फॅरेडेच्या नियमाने १०० मिलिअँपिअर धारा अर्धा तास वाहिली तर ५९ मिलिग्रॅम तांबं बसेल. तुमच्या काट्यावर कांडी आधी आणि नंतर, धुऊन-वाळवून तोला, आकडा जवळपास जुळतो. धारा सतत बदलत असल्याने दर दोन मिनिटांनी ती लिहून सरासरी काढा.

आता चार सेल लावा. थोड्याच वेळात लेप खरखरीत होतो, मग तपकिरी-काळा, आणि बोट लावलं तर भुकटी होऊन निघतो. पृष्ठभागाजवळचे तांब्याचे आयन भराभर संपतात आणि लांबून नवे येईपर्यंत तिथे तुटवडा पडतो. मग जिथे टोक जरा पुढे आलंय तिथेच पुढचा आयन आधी पोचतो आणि झाडाच्या फांद्यांसारखी वाढ होते. मधल्या वेळेत हायड्रोजनही सुटायला लागतो. ढवळत राहा, लेप बराच सुधारतो. आयन पोचवण्याचा वेगच अडचण होता याचा हा पुरावा.

दुसऱ्या पेल्यात मोरचुदाच्या द्रावणात तेवढंच सोडियम सल्फेट घालून पाहा. एकूण वाहकता वाढते, धारा वाढते, पण चार सेलवर लेप उलट लवकर काळा पडतो. भार वाहायला सोडियम आले म्हणून तांब्याच्या आयनांना विद्युतक्षेत्राची ओढ कमी मिळते. ते आता मुख्यतः विसरणानेच, म्हणजे दाटीकडून विरळाकडे आपोआप पसरत, येतात. म्हणजे वाहकता वाढवणारं मीठ आणि अभिक्रियेला खाद्य पुरवणारं मीठ ही दोन वेगळी कामं आहेत. विद्युत विलेपन करणारे कारागीर हे अनुभवाने जाणतात. चकचकीत तांब्याच्या लेपासाठीच्या टाकीत ते सल्फ्युरिक आम्ल घालतात वाहकतेसाठी, आणि लिटरमागे काही दशक मिलिग्रॅम एवढाच क्लोराइड ठेवतात. तो पृष्ठभागावर चिकटून लेप सपाट करणाऱ्या सेंद्रिय द्रव्यांना जागेवर धरून ठेवतो. कमी झाला तरी लेप बिघडतो, जास्त झाला तरी.

कोणत्या इलेक्ट्रोडचं व्होल्टेज?

इथवर आपण दोन कांड्यांमधल्या विभवांतराचाच विचार करत आलो. त्यातून धनाग्राचा वाटा किती आणि ऋणाग्राचा किती हे कळत नाही. त्यासाठी तिसरा, स्थिर विभवाचा संदर्भ इलेक्ट्रोड हवा. घरी करायचा तर रिकाम्या पारदर्शक पेनाच्या नळीचं खालचं तोंड ओल्या कापसाने घट्ट बंद करा, आत मोरचुदाचं संपृक्त द्रावण भरा (तळाशी न विरघळलेले खडे दिसले पाहिजेत) आणि घासून लख्ख केलेली तांब्याची तार सोडा. याचं विभव प्रमाण हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत सुमारे ०.३२ व्होल्ट असतं. जमिनीखालच्या पाइपलाइनचं क्षरण मोजणारे इंजिनिअर याच प्रकारचा वापरतात. मल्टिमीटर व्होल्टवर ठेवून ही तार आणि एकेक कांडी यांच्यातलं विभवांतर वेगवेगळं मोजा. मीठ आणि सल्फेटच्या पेल्यांत ऋणाग्राचे आकडे जवळ येतात, धनाग्राचे वेगळे पडतात. खडे दिसायला हवेत ते अशासाठी, की या संदर्भ इलेक्ट्रोडचं विभवही तांब्याच्या आयनांच्या संहतीवर ठरतं. संहती दहापट घटली तर २५ अंश सेल्सिअसला दोन संयुजांच्या तांब्यासाठी सुमारे ३० मिलिव्होल्टने ते सरकतं.

नुसते उभे राहणारे आयन

टेबलावर न दिसणारी, पण आज या विषयातल्या संशोधनाच्या मध्यभागी असलेली गोष्ट ही. कार्बन डायऑक्साइडचं विद्युत क्षपण करून कार्बन मोनॉक्साइड किंवा एथिलीन बनवता येतं. तांब्यावर हायड्रोकार्बन मिळतात हे जपानमध्ये योशिओ होरी यांनी १९८० च्या दशकात दाखवलं. त्यांनाच आढळलं की द्रावणात लिथियम, सोडियम, पोटॅशियम की सीझियम आहे यावर उत्पादनांचं प्रमाण बदलतं. यातला एकही धातू सुटत नाही, तरीही. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठात मार्क कोपर यांच्या गटाने २०२१ मध्ये पुढचं पाऊल टाकलं: सोनं, चांदी आणि तांब्यावर द्रावणात धातूचे धनायन नसतील, तर हे क्षपण होतच नाही.

सीझियम जास्त परिणामकारक का, याचं एक सुंदर कारण लिथियमकडे पाहून कळतं. लिथियमचा आयन सगळ्यात लहान, पण तो पाण्याचे रेणू इतके घट्ट कवटाळून फिरतो की पाण्यातून सगळ्यात संथ सरकतो. मोलर वाहकता, म्हणजे एक मोल आयन किती वीज वाहून नेतात याचं माप, लिथियमची ३९, सोडियमची ५०, पोटॅशियमची ७४. सीझियम पाण्याचं हे पांघरूण सैल ठेवतो, म्हणून पृष्ठभागाच्या अधिक जवळ जाऊ शकतो आणि तिथे अर्धवट क्षपण झालेल्या, ऋण भार घेतलेल्या रेणूला आधार देतो.

उलट्या टोकाचं उदाहरण निकेलचं. पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये निकेलवर ऑक्सिजन छान सुटतो अशी जुनी ख्याती होती. १९८७ मध्ये कॉरिगन यांनी आणि २०१४ मध्ये ओरेगन विद्यापीठातल्या बॉयचर यांच्या गटाने दाखवलं की त्या ख्यातीचं बरंच श्रेय द्रावणात अशुद्धी म्हणून असलेल्या लोखंडाच्या आयनांचं आहे. ते काढून टाकले की निकेल मंदावतो.

घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीतही लोखंड येरझाऱ्या घालतं, पण तिथे नुकसान करतं. नळाचं पाणी घातलं आणि त्यात लोखंड असलं, तर ते धन प्लेटवर ऑक्सिडीकरण होऊन त्रिसंयुजी होतं, ऋण प्लेटकडे जाऊन क्षपण होऊन द्विसंयुजी होतं, पुन्हा परत. प्रत्येक फेरीत थोडा साठवलेला भार उगाच खर्च होतो. दिवा न लावताही बॅटरी उतरते. डिस्टिल्ड वॉटरचे पैसे वाचवू नका.

आवराआवर

मीठ, सल्फेट आणि एप्समची द्रावणं भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडली तरी चालतात. मिठाचा पेला आधी उघड्यावर तासभर ठेवा. आयोडीनच्या द्रावणात क जीवनसत्त्वाची गोळी चुरून घाला, रंग जाईल. मोरचूद मात्र मोरीत किंवा झाडांच्या मुळाशी ओतू नका, जलचरांना ते घातक आहे. त्या द्रावणात घासलेले लोखंडी खिळे टाकून रात्रभर ठेवा. काही मिनिटांतच खिळा तांबडा दिसू लागेल. इथे ना बॅटरी आहे, ना वायर. खिळ्याच्या एकाच पृष्ठभागावर एका ठिपक्याला लोखंड विरघळतंय आणि शेजारच्या ठिपक्याला तांबं बसतंय, इलेक्ट्रॉन खिळ्याच्या आतूनच जातायत. सकाळी निळा रंग जाऊन पाणी फिकट हिरवट झालं असेल. तांब्याची भुकटी गाळून वाळवून एका बाटलीत भरून ठेवा, बाटलीवर चिठ्ठी लावा, आणि गाळलेलं पाणी धुण्याचा सोडा घालून अवक्षेप बसेपर्यंत ठेवून मगच ओता.